सहगुणक म्हणजे एक्सच्या शेजारचा आकडा, एवढंच सांगून थांबू नका

माननीय संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरी कोरडवाहू शेती आहे, कापूस, तूर, सोयाबीन, आणि संध्याकाळी गावातल्या आठवी ते दहावीच्या पोरापोरींना गणित-विज्ञान शिकवते, याला आता बारा वर्षं झाली. आपला पेपर सकाळच्या एसटीनं येतो आणि दुपारपर्यंत चार घरं फिरून माझ्याकडे येतो, मी तो जाहिरातींसकट वाचते म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबेल पण छापा.

मागच्या आठवड्यात एकाच अंकात दोन गोष्टी आल्या. विद्यार्थ्यांच्या पानावर बीजगणिताच्या मुद्द्यांमध्ये लिहिलं होतं की चलासोबत गुणाकारात जो अंक असतो त्याला सहगुणक म्हणतात, उदाहरण ५एक्स मध्ये ५, आणि संपलं. आणि त्याच अंकात शेतीच्या पानावर शेततळ्याची चौकट होती, त्यात सांगितलं की पाऊस गुणिले क्षेत्र करा आणि त्याला ०.३ नं गुणा म्हणजे तळ्यात किती पाणी येईल ते कळेल. आता हा ०.३ कोण आहे? तो तोच आहे ना, सहगुणक, ज्याची व्याख्या तुम्ही चार पानं आधी छापली! पण विद्यार्थ्यांच्या पानाला शेतीचं पान माहीत नाही आणि शेतीच्या पानाला विद्यार्थ्यांचं नाही. दहावीतलं पोरगं व्याख्या पाठ करून एक मार्क घेतं आणि त्याचा बाप त्याच दिवशी ०.३ वर भरोसा ठेवून जेसीबी बोलावतो, आणि दोघांना कोणी सांगत नाही की बाबांनो तुम्ही एकाच गोष्टीशी खेळताय.

मला सगळ्यात जास्त हेच खटकतं म्हणून सुरुवातीपासून सांगते.

आमच्या शिकवणीत मी वाय बरोबर १०एक्स अधिक २० असं लिहिलं की पोट्टे लगेच ग्राफ काढायला लागतात, दोन बिंदू, पट्टी ठेवली, रेघ मारली, झालं. दोन वर्षांपूर्वी एक आठवीतली मुलगी, जिची आई कापूस वेचणीला जाते, ती फळ्याकडं बघत बसली आणि म्हणाली, "म्याडम, माय चाळीस किलो वेचते तं दहाच्या भावानं तिले चारशे भेटते, वरून वीस रुपये ऑटोचे देते मालक, मंग हे दहा म्हणजे भावच हाय ना?" खरं सांगते, मी बारा वर्षांत सहगुणकाची याहून चांगली व्याख्या ऐकली नाही. एक्स म्हणजे किलो, तो रोज बदलतो, कधी चाळीस कधी पंचवीस. वीस रुपये काही वेचलं नाही तरी आहेतच, तो सहगुणक नाही, ते स्थिर पद. आणि दहा म्हणजे एका किलोमागे किती. त्याला एकक आहे, रुपये दर किलो. दहाचे बारा झाले की त्याच चाळीस किलोचे चारशेऐंशी होतात, ग्राफवर रेघ चढी होते, आणि ती चढण म्हणजे त्या बाईच्या घरात आलेला पैसा आहे. मी तेव्हापासून पुस्तकातलं उदाहरण आधी घेतच नाही, वेचाईच घेते.

आणि कधी हा आकडा भाव नसतो, नुसती मोजदाद असते. ए अधिक बी चा वर्ग केला की मुलं ए वर्ग अधिक बी वर्ग लिहून मोकळी होतात, मधले २एबी गाळतात, दरवर्षी, अर्धा वर्ग. मी त्यांना अंगणात काडीनं ए बाजूचं चौकोनी वावर काढायला लावते. आता पूर्वेचा धुरा, म्हणजे बांध, बी नं सरकवा, आणि उत्तरेचाही तेवढाच सरकवा. किती जमीन वाढली? दोन लांब पट्ट्या आणि कोपऱ्यात एक लहान चौकोन. त्या दोन पट्ट्या म्हणजे तो २. धुऱ्यावरून आमच्याकडे भावाभावांची भांडणं होतात साहेब, दोन पट्ट्या गाळल्या तर चालेल का विचारलं की कोणी विसरत नाही. रसायनशास्त्रात पण तेच, पाण्याचं समीकरण संतुलित करताना रेणूच्या पुढचा मोठा २ आणि पायाशी लिहिलेला लहान २ यातला फरक कळला नाही की मुलं पायाचा आकडा बदलतात आणि एच२ओ चं एच२ओ२ करून ठेवतात, म्हणजे प्यायच्या पाण्याचं जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड. पुढचा आकडा सांगतो किती रेणू, तो बदलता येतो, पायातला सांगतो रेणू कसा बनलाय, त्याला हात लावायचा नाही.

आता भाषेचं बोलते, कारण इथं आपल्या मराठीत एक घोळ आहे आणि एक सोय पण आहे. इंग्रजीत कोइफिशंट हा एकच शब्द सगळीकडे चालतो. आपल्याकडे बीजगणितात सहगुणक, घर्षणाला गुणांक, आणि धातू तापून वाढतो तिथं प्रसरणांक. तीन पुस्तकांत तीन नावं, त्यामुळे पोरांना ही सगळी एकाच घरची आहेत हे समजतच नाही. वरून बुद्धिगुणांक, तिथंही गुणांक, पण ते मुळात भागाकारातून आलेलं, ते वेगळं. हा झाला घोळ. पण सोय बघा, गुण शब्दात आपण किती काय ठेवलंय. गुण म्हणजे परीक्षेचे मार्क, गुण म्हणजे गुणाकार, औषधाचा गुण येतो, जमिनीचा गुण असतो. गुणांक म्हणजे त्या वस्तूच्या गुणाचा अंक! माझ्या मते तर हा इंग्रजीपेक्षा चांगला शब्द आहे. कोइफिशंट हा शब्द फ्रान्सच्या व्हिएत नावाच्या गणितज्ञाकडे जातो, सोळाव्या शतकातला माणूस, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मिळून काम करणारा असा काहीतरी होतो, म्हणजे आपला सहगुणक त्याच्याच जवळचा. दोन्ही शब्द ठेवा, पण मुलांना सांगा की ही सख्खी भावंडं आहेत.

शिकवणी आमच्या पडवीत भरते, वर टिनं आहेत. मे महिन्यात दिवस मावळला की टिनं कट् कट् वाजायला लागतात, नवीन आलेली लहान पोरं घाबरतात, मांजर आहे म्हणतात. मांजर नाही, टीन आकसतंय. दिवसभर उन्हात ते साठच्या पुढं तापलेलं असतं, रात्री तीसवर येतं, म्हणजे तीस अंशाचा फरक. पोलादाचा प्रसरणांक आहे ०.००००१२ दर अंश सेल्सिअसला, म्हणजे एक अंश वाढला की एका मीटरमागे तेवढे मीटर वाढ. दहा फुटांचं टीन तीन मीटर धरा, गुणाकार केला की येतो जवळपास एक मिलीमीटर. एवढाच. पण हा एक मिलीमीटर रोज जातो आणि येतो, म्हणून खिळ्याचं भोक मोठं होतं आणि पावसाळ्यात तिथूनच गळतं. मुलांना मी भोकं दाखवते, शिडीवर चढून, वरचं भोक गोल राहिलेलं नाही, लांबट झालंय.

आणि याच आकड्यात आपल्या स्लॅबच्या घरांचं रहस्य आहे. लोखंडी सळई आणि काँक्रीट या दोन एवढ्या वेगळ्या वस्तू, पण दोघांचे प्रसरणांक जवळजवळ सारखे, काँक्रीटचा साधारण ०.००००१. आपल्या विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५-४६ ला जातो आणि थंडीत १० च्या खाली येतो तरी स्लॅब फाटत नाही कारण दोघं बरोबर वाढतात आणि बरोबर आकसतात. सळईच्या जागी ॲल्युमिनियम टाकलं असतं तर, त्याचा आहे ०.००००२३, दुप्पट, आतून सळईनं काँक्रीट फोडलं असतं. मिस्त्री हे पिढ्यानपिढ्या करतो, आकडा त्याला ठाऊक नसतो पण चालतं, कारण त्याच्या वस्तू बदलत नाहीत. वस्तू बदलली की मात्र आकडा विचारावाच लागतो.

घर्षणाचं तर त्याहून पुढचं, तिथं गुणांक एका वस्तूचा नसतोच, जोडीचा असतो. टायरचा घर्षण गुणांक किती असं कोणी विचारलं तर उत्तर नाही, टायर आणि कोरडा डांबर रोड याचा वेगळा, टायर आणि ओली काळी माती याचा वेगळा, म्हणून तीच मोटारसायकल रोडवर नीट थांबते आणि पांधणीत आडवी होते. ढवळ्याशेजारी पवळा बांधला, वाण नाही पण गुण लागला म्हणतात ना, तसा हा गुण शेजाऱ्यावर ठरतो.

शेतकऱ्याला गुणांक समजणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी कापसाच्या सीझनमध्ये एकदा जिनिंगवर यावं. तिथं लोक उतारा विचारतात. एक क्विंटल कापसातून सरकी काढल्यावर किती रुई निघाली. चौतीस किलो निघाली तर उतारा चौतीस, म्हणजे ०.३४. रुईची गाठ १७० किलोची असते, १७० ला ०.३४ नं भागा, बरोबर ५०० किलो येतात, म्हणूनच पाच क्विंटल कापसाची एक गाठ असं आपल्याकडचा कोणीही म्हातारा सांगतो. हा उतारा दुसरं काही नाही, गुणांकच आहे. चौतीसचा छत्तीस झाला तर क्विंटलमागे दोन किलो रुई जास्त आणि दोन किलो सरकी कमी. समजा रुई दीडशे रुपये किलो आणि सरकी पस्तीस, तर तीनशे वाढले आणि सत्तर गेले, क्विंटलला दोनशेतीस रुपयांचा फरक. आणि कापूस देताना आपल्याला भाव वजनावर मिळतो, उताऱ्यावर नाही, ही माझी वेगळी तक्रार आहे, त्यावर पुन्हा कधी लिहीन. सांगायचं एवढंच की ज्या माणसाला उतारा समजतो त्याला सहगुणक समजलेला आहे, फक्त शाळेनं त्याला ते कधी सांगितलं नाही. युरियाचंही तसंच, ४५ किलोच्या पोत्यात नत्र ४६ टक्के म्हणजे २०.७ किलोच असतं, म्हणून एकरी २४ किलो नत्र द्यायचं असेल तर २.१७ नं गुणावं लागतं, ५२ किलो युरिया होतो, एका पोत्यात भागत नाही. हा २.१७ कुठून आला, तर १०० भागिले ४६. आपल्या शेतीच्या पानावर नत्र किती ते छापतात आणि पोती किती ते छापत नाहीत, लोक नत्राचा आकडाच युरिया समजून टाकतात.

आता त्या ०.३ कडे येते, कारण त्यानं आमचं स्वतःचं नुकसान केलंय.

काही वर्षांपूर्वी आम्ही शेततळं खोदलं, वरून ३० बाय ३० मीटर, खोल ३ मीटर, बाजूंना एकास एक उतार, हिशेबानं २,१९६ घनमीटर. ज्यांनी हिशेब मांडून दिला त्यांचं नाव घेत नाही, वाईट हेतूनं केलं नाही त्यांनी. वरच्या अंगाला आमचं आणि दिराचं मिळून पाच एकर, म्हणजे दोन हेक्टर, तिथलं पाणी तळ्यात येणार. ८०० मिलीमीटर पाऊस धरला, दोन हेक्टरवर १६,००० घनमीटर पडतो, त्याला ०.३ नं गुणलं, ४,८००. तळं दोनदा भरून सांडेल, असं सांगितलं. आम्ही विश्वास ठेवला आणि त्या भरोशावर तीन एकर हरभरा टाकला की दोन पाणी देऊ. पोळ्यापर्यंत तळं निम्मंच भरलं, नंतर पाऊस गेला. हरभऱ्याला एकच पाणी मिळालं, घाटे भरले नाहीत, सासरे रोज तळ्याच्या काठावर जाऊन बसायचे आणि काही बोलायचे नाहीत. मी गणित शिकवते आणि माझ्या घरात असा हिशेब चुकला हे मला फार लागलं.

मग मी शोधायला लागले की हा ०.३ येतो कुठून. याला अपधाव गुणांक म्हणतात, रनऑफ, पडलेल्या पाण्यापैकी किती वाहून येतं, शून्य ते एक यांच्या मधला आकडा. स्लॅबवर तो एकच्या जवळ, रानात फार कमी. १८९२ साली स्ट्रेंज नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं आजच्या महाराष्ट्र-कर्नाटकच्या सीमेकडच्या भागातलं पाऊस आणि वाहून आलेलं पाणी यांची मोजणी घेऊन तक्ते केले, ते अजून पुस्तकांत आहेत. त्या माणसानं एक आकडा दिलेला नाही हे नीट बघा. त्यानं पाणलोट चांगला, मध्यम आणि वाईट असे तीन प्रकार केले, आणि रोजच्या पावसासाठी जमीन आधी कोरडी होती, दमट होती की ओली होती ते पण विचारलं. म्हणजे एकाच वावराचा गुणांक त्याच्या तक्त्यात दिवसागणिक बदलतो. आणि आपण मधून एक ०.३ उचलला आणि चौकटीत छापला.

आमची जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात त्यात माझा हात कोपरापर्यंत जातो. मृगाचा पाऊस कितीही जोरात येऊ दे, पहिलं पाणी त्या भेगांत उतरतं, तळ्यात घोटभर येत नाही, तेव्हा गुणांक जवळपास शून्य. नंतर माती फुगते, भेगा मिटतात, आणि श्रावणात तीच जमीन पाणी घेईना होते, तेव्हा गुणांक वाढतो. वरून आमच्या सऱ्या उताराला आडव्या, त्या पाणी धरून ठेवतात, जे पिकाला चांगलंच आहे पण तळ्याला नाही. सरासरी ०.१ धरली असती तर १,६०० घनमीटर आलं असतं, तळं भरणार नाही हे खोदायच्या आधी कळलं असतं, लहान खोदलं असतं किंवा हरभरा एकच एकर टाकला असता. पाऊस तोच, वावर तेच, गुणाकार पण बरोबर, फक्त तो एक आकडा आमच्या मातीचा नव्हता.

इथं मला भास्कराचार्यांची आठवण येते. त्यांचं बीजगणित ११५० सालचं. त्यात एक कोडं आहे, एका संख्येचा वर्ग घ्या, त्याला ठरलेल्या अंकानं गुणा, एक मिळवा, आणि जे येईल ते पुन्हा पूर्ण वर्ग असलं पाहिजे, अशी संख्या शोधायची. तो जो ठरलेला अंक, आजच्या भाषेत वर्गाचा सहगुणक, त्याला आपल्या जुन्या गणितात शब्द आहे प्रकृती. आणि हे प्रकरणच वर्गप्रकृती. आता गंमत बघा. अंक ६० असला तर उत्तर ४, कारण ६० गुणिले १६ अधिक १ म्हणजे ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. अंक ६२ असला तर उत्तर ८, ६२ गुणिले ६४ अधिक १ म्हणजे ३,९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. आठवीचं पोरगं करेल. आणि मधला ६१ घेतला तर? सगळ्यात लहान उत्तर २२,६१,५३,९८०, आणि वर्गमूळ येतं १,७६,६३,१९,०४९. हे भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीनं, म्हणजे त्याच पायऱ्या चाकासारख्या पुन्हा पुन्हा फिरवून, सोडवून ठेवलंय, आणि पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फर्मा नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं तोच ६१ फ्रान्समधल्याच फ्रेनिकल नावाच्या गणितज्ञापुढं आव्हान म्हणून टाकला. समीकरणाचा चेहरा तोच, फक्त प्रकृती एकानं बदलली आणि सगळं पालटलं. जुन्या लोकांनी त्या अंकाला प्रकृती म्हटलं हे मला इतकं पटतं! डॉक्टर औषध देताना प्रकृती बघतो, तसं समीकरण वापरताना आधी प्रकृती बघावी. आमच्या तळ्याची प्रकृती कोणी बघितली नाही.

म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही ती मोजली, मी आणि शिकवणीतली नऊ मुलं. फार काही लागलं नाही. सरळ भिंतीचा एक स्टीलचा डबा उघड्यावर ठेवला, त्यात पट्टी बुडवून पावसाचे मिलीमीटर मोजायचे. तळ्यात एक बल्ली उभी केली, तिच्यावर ऑइल पेंटनं दर सेंटीमीटरला खूण. पहिला मोठा पाऊस जूनमध्ये ४२ मिलीमीटर, मुलं छत्र्या घेऊन धावत गेली, तळ्यात वरून पडलं तेवढंच पाणी, वावरातून धार आलीच नाही. मुलं नाराज झाली, मी म्हटलं शून्य हे पण माप आहे, लिहा वहीत. मग ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागली आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी एका तासात ३८ मिलीमीटर आला. दोन हेक्टरवर ७६० घनमीटर पाणी पडलं. बल्लीवर २५ सेंटीमीटर वाढ, तेव्हा पाण्याचा पसारा साधारण २७ बाय २७ मीटर होता, म्हणजे १८२ घनमीटर आलं. मुलांनी लगेच भागाकार केला, ०.२४. तेवढ्यात सातवीतला एक मुलगा, जो खरं तर त्याच्या ताईसोबत नुसता बसायला येतो, तो म्हणाला, "तळ्यात बी तं थेट पाऊस पडला ना म्याडम, तो वजा नाई करा लागत का?" आणि सगळे गप्प झाले. बरोबर होतं त्याचं. तळ्याच्या तोंडावर, ९०० चौरस मीटरवर, ३८ मिलीमीटर थेट पडला होता, ३४ घनमीटर. तो वजा केला, राहिले १४८, भागिले ७६०, जवळपास ०.१९. माती पूर्ण फुगलेली, सतत झड, सगळ्यात चांगली परिस्थिती, तरी ०.१९. आणि चौकटीत ०.३ सगळ्या हंगामाला!

ती मुलं आता सहगुणक शब्द विसरणार नाहीत, मला खात्री आहे.

बातम्यांमध्ये पण हाच प्रकार होतो म्हणून एक सांगते. सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीनं बदलतात ते सांगणारा आकडा, हा उणे एक ते एक यांच्या मध्ये असतो. तो ०.८ आला की लिहिणारे लिहितात ८० टक्के संबंध, हे चूक आहे, त्याचा वर्ग ०.६४ येतो आणि तो पण फक्त सरळ रेघेपुरता बोलतो. आणि शून्य आला म्हणजे संबंधच नाही असंही नाही. पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, पाणी कमी पडलं तर पीक जातं आणि जास्त झालं तरी जातं, मधे चांगलं येतं, अशा आकड्यांचा सहसंबंध शून्याजवळ येऊ शकतो, पण पाण्याचा आणि पिकाचा संबंध नाही असं कोणता शेतकरी म्हणेल? शिवाय एकामागे दुसरं कितीनं वाढतं हे तो सांगतच नाही, ते काम वेचाईच्या दहासारख्या सहगुणकाचं.

तर साहेब माझी मागणी अशी आहे. शेतीच्या पानावर गुणायचा कोणताही आकडा छापाल, पाण्याचा, खताचा, औषधाचा, तर तो कशामागे कशाचा आहे आणि कोणत्या मातीत, कुठल्या भागात मोजलेला आहे तेवढी एक ओळ खाली द्या, जागा लागली तर जाहिरातीतली दोन बोटं कमी करा. आणि विद्यार्थ्यांच्या पानावर सहगुणकाच्या व्याख्येखाली एकदा तरी उतारा, वेचाई, टीन, तळं यातलं काहीतरी द्या, मुलांच्या घरातलं. विद्यापीठ आमच्याकडे अकोल्याला आहे, कापसाची संशोधन संस्था नागपूरला आहे, तिथली माणसं विचारलं तर सांगतात असा माझा अनुभव आहे, आपल्या वार्ताहरांनी विचारावं.

यंदा आम्ही दोन बल्ल्या लावतोय, दुसरी शेजारच्या मुरमाड वावरातल्या तळ्यात, त्या काकांनी परवानगी दिली आहे. डबे पण दोन घेतले, एकाच गावात दोन टोकांना पाऊस सारखा पडत नाही हे मुलांनीच सांगितलं. मृगापासून दसऱ्यापर्यंत रोजची नोंद वहीत राहील, काळ्या मातीचा वेगळा रकाना, मुरमाडीचा वेगळा. दसऱ्यानंतर ते दोन्ही रकाने आपल्याला पाठवते, चौकटीत तेच छापा.

आपली,
एक वाचक आणि शिकवणी घेणारी बाई,
तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ